पाचव्या पायरीवरचं मांजर

समजा, सकाळचे साडेदहा वाजलेत आणि तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात एका बुटक्या खुर्चीवर बसला आहात. खुर्ची सात वर्षांच्या मुलांच्या मापाची आहे, त्यामुळे तुमचे गुडघे हनुवटीच्या जवळ आलेत. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात लाल पेन्सिल. समोर दुसरीतलं एक मूल कागद घेऊन उभं आहे. त्याच मजकुराचा एक कागद तुमच्याही मांडीवर आहे. तुम्ही कळ दाबता आणि ‘कर सुरू’ म्हणता. आता त्याचा प्रत्येक शब्द ऐकायचा, चुकलेल्या शब्दावर काट मारायची, घड्याळावर डोळा ठेवायचा आणि हे सगळं करताना चेहऱ्यावर असे भाव ठेवायचे, की जणू ही गोष्ट तुम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकताय. मूल अडखळलं तर मदत करायची नाही. शब्द तुमच्या जिभेवर आलेला असतो, तो गिळून टाकायचा. मिनिट संपलं की ‘छान’ म्हणायचं. नऊ शब्द वाचले तरी छान, नव्वद वाचले तरी छान, आणि दोन्ही वेळा सूर तोच. मग पुढचं मूल. असं बत्तीस वेळा.

माझ्या मावशीला हे सगळं जमतं. फक्त ‘छान’ एकाच सुरात म्हणणं तिला सव्वीस वर्षांत जमलेलं नाही.

मावशी प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. मधे एकदा तिला चौथी दिली होती, पण ती मुलं फार मोठी वाटतात म्हणून वर्षभरात ती परत खाली आली. पारखायची सवय मात्र शाळेपुरती राहिलेली नाही. काकांनी लिहिलेली सामानाची यादी ती लाल पेन्सिलने तपासून मगच त्यांच्या हातात देते. लग्नात कुणी माइकवर बोलायला उभं राहिलं, की ती माझ्या कानात हळूच सांगते, ‘सुरुवात बरी, मधे भरकटला, दहापैकी पाच.’ मी तिला माझी नवी नोकरी काय आहे ते समजावलं, तेव्हा तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की विषयाचं ज्ञान आहे, पण सांगण्याचा सराव कमी पडतोय. माझं काम आकडेवारीचं आहे. मोठाल्या तक्त्यांत काय दडलंय ते शोधायचं. तेव्हापासून ती मला ‘इंजिनीअर’ म्हणते, आणि तो मान आहे की टोमणा, ते तिच्या आवाजावरून कधीच कळत नाही.

तिचे यजमान, म्हणजे माझे काका, चष्म्याचं दुकान चालवतात. दुकान घराच्या खालीच आहे. मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, अलीकडे तीन गिऱ्हाइकं बसतील एवढं बाकडं आणि मधे काकांची फिरती खुर्ची. मावशी म्हणते, ‘आमच्या घरात दोघंही दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतात, फक्त ह्यांना त्याबद्दल कुणी नावं ठेवत नाही.’

तर यंदा जूनमध्ये मावशीने वर्गाची पहिली वाचनपडताळणी घेतली. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, एवढंच मोजायचं. बत्तीसपैकी आठ मुलं वीस शब्दांच्या आत अडकली. त्यातली एक मुलगी तर नऊ शब्दांवर थांबली. वर्गातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात गप्प. मुलं तिला मुंगी म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही.

मावशी मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीला त्या मावशीच्या खांद्याला लागतात, पण त्यांच्या टेबलासमोर उभं राहिलं की मावशीच लहान दिसते. जिन्याखाली एक खोली पडून होती. तिच्यात मोडकी बाकं, पाय नसलेला पृथ्वीचा गोल आणि कधीकाळच्या स्नेहसंमेलनातले पुठ्ठ्याचे वृक्ष होते. ती खोली आणि रोज पहिला अर्धा तास या आठ जणांसाठी हवा, असं मावशीने मागितलं. मोठ्या बाईंना त्या खोलीत फायलींची कपाटं हलवायची होती. दोघींमध्ये बरीच ओढाताण झाली. शेवटी सौदा असा ठरला, की खोली तीन महिने मिळेल. तीन महिन्यांनी पुन्हा पडताळणी. आठपैकी पाच मुलं चाळीस शब्दांच्या वर गेली, तर खोली आणि अर्धा तास वर्षभर कायम. चार गेली तर कपाटं आत, मुलं बाहेर.

मावशीने दोन शनिवार घालवून ती खोली झाडली. मोडकी बाकं काकांनी ठोकठाक करून बसती केली. पुठ्ठ्याचे वृक्ष तिने ठेवून दिले, त्यांच्यावर अक्षरं टांगता येतात म्हणून. आणि पहिल्याच दिवशी आठही मुलांना समोर बसवून तिने कबूल केलं, की या खोलीत कधीही परीक्षा होणार नाही. इथे चुकायला मोकळीक आहे. इथे स्टॉपवॉच येणार नाही.

हे वचन तिने मनापासून दिलं होतं आणि मनापासूनच पाळलं. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

जूनची पडताळणी तिने याच जिन्याखालच्या खोलीत, तेव्हाच्या अडगळीत कशीबशी खुर्ची मांडून, दार लावून घेतली होती. सप्टेंबरच्या पडताळणीला मात्र खोली चालणार नव्हती, कारण वचन. वर्गात बसावं तर बाकीच्या एकतीस जणांचा गलका. म्हणून तिने बुटकी खुर्ची व्हरांड्यात मांडली, वर्गाच्या खिडकीशेजारी, म्हणजे एक डोळा आतल्यांवर ठेवता येईल. आतल्या मुलांना चित्र काढायला दिलं आणि हजेरीपटाच्या क्रमाने एकेकाला बाहेर बोलावलं.

मजकूर तिने स्वतः लिहिला होता. बहात्तर शब्दांची गोष्ट. एका सदऱ्याचं बटण तुटतं, खोलीतून बाहेर पडतं, जिन्यावरून टणाटण खाली येतं, अंगणात जातं आणि कोंबडी ते दाणा समजून चोचीत धरते. पाचवी ओळ अशी होती: ‘बटण गडगडत पाचव्या पायरीवर आलं, तिथे मांजर झोपलं होतं.’ सहावी ओळ अशी: ‘बटण गडगडत अंगणात गेलं.’ मांजराचं गोष्टीत पुढे काहीच काम नव्हतं. ते मावशीला आवडतं म्हणून ती त्याला तिथे झोपवून आली होती.

निकाल लागला आणि घरात सणच आला. आठपैकी सहा मुलं चाळीसच्या वर. मुंगी नवावरून थेट सत्तेचाळीसवर. मावशीने मोठ्या बाईंना तोंडी सांगूनही टाकलं. त्यांनी सगळं लेखी मागितलं, सोमवारी, आणि जमलं तर आलेखासह. आलेख म्हटल्यावर मावशीला इंजिनीअरची आठवण झाली.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. तिने बत्तीस कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि चहा टाकला. मी एकेक कागद बघून आकडे भरत होते. दहाएक कागद झाल्यावर मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. प्रत्येक कागदावर लाल खुणा वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, ते साहजिकच होतं. पण पाचवी ओळ कागदामागून कागदावर अख्खीच्या अख्खी आडवी काटलेली होती. मी मोजलं. बत्तीसपैकी वीस मुलांनी मांजर वाचलंच नव्हतं.

मी मावशीला विचारलं. तिला ते आधीच माहीत होतं, आणि त्यावर तिचा सिद्धांतही तयार होता. ‘पाचव्या’मधलं जोडाक्षर, त्याला लागून ‘पायरीवर’ हा लांब शब्द, मुलं घाबरतात आणि ओळ टाळतात. तिने वहीत टिपणसुद्धा केलं होतं. मला उघडून दाखवलं. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पाचवी ओळ कठीण आहे. पुढील वेळी मांजर अंगणात ठेवावे.

मला राहवलं नाही. जोडाक्षराला घाबरून मूल अडखळेल, एखादा शब्द गाळेल, पण वीस मुलं त्याच जागी, त्याच नऊ शब्दांवरून, एकसारखी उडी कशी मारतील? मी तक्ता हजेरी क्रमांकाने लावला आणि शेजारी मांजराचा एक रकाना केला. पहिल्या मुलाने मांजर वाचलं होतं. दुसरीनेही वाचलं होतं. तिसऱ्याने गाळलं, आणि तिथून पुढे गळतीच लागली.

तिसरा कोण, असं मी विचारलं. मावशी हसली. तिसरा म्हणजे भोंगा. त्याचा आवाज दोन वर्ग पलीकडे जातो, म्हणून शाळेत प्रार्थना तोच सांगतो. वाचतो चांगला, पण घाईत. ‘बटण गडगडत’वरून त्याची नजर सटकन खालच्या ‘बटण गडगडत’वर गेली असणार. एवढं बोलून मावशी थांबली. हातातला चहाचा कप तिने खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही.

मी शब्दांचे आकडे क्रमांकापुढे मांडले. आलेख हवा होता, तो मिळाला. हजेरीपटावर जसजसं खाली जावं तसतशी मुलं हुशार होत गेली होती. पहिली दहा अशीतशी, मधली दहा बरी, शेवटची बारा म्हणजे बुद्धीचे नुसते लोळ. मुंगीचा क्रमांक सत्तावीस होता.

तेवढ्यात काका दुकानातून वर आले. स्क्रीनकडे त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं, मी काय ते सांगितलं, आणि त्यांना हसू आवरेना. त्यांच्या धंद्यात ही गोष्ट तीस वर्षं जुनी होती. बाकड्यावर वाट बघणारी माणसं खुर्चीतल्या माणसाचं वाचन ऐकत असतात. गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायला येणारे तर मुद्दामच शेवटी नंबर लावतात. समोर भिंत आहे की खिडकी हेही न दिसणारा माणूस तक्त्याची शेवटची ओळ खडाखड म्हणून दाखवतो.

“म्हणून मी तीन तक्ते ठेवतो,” काका म्हणाले. “माणूस बदलला की तक्ता बदलायचा.”

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय?” मावशीने विचारलं.

“तू कधी विचारलंस? तू तर माझी यादी तपासतेस.”

पुढची दहा मिनिटं मावशीने ओटा पुसला. ओटा स्वच्छ होता. मग ती वळून म्हणाली, की वीसच्या वीस मुलांनी ऐकूनच म्हटलं असेल असं नाही. भोंग्याची नजर सटकली तशी आणखी कुणाची सटकली असेल. मी म्हटलं, असेल. आणि ज्यांनी मांजर वाचलं ते तरी नक्की वाचतच होते. मी म्हटलं, हो. मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती इतका वेळ ओटा पुसून लांबवत होती. तिच्या आठातले जे सहा वर गेले, त्यातल्या कितींच्या कागदावर मांजर आहे?

दोघांच्या.

हवे होते पाच. सोमवारी लेखी द्यायचं होतं. सहाचा आकडा मोठ्या बाईंच्या कानावर गेलेला होता आणि त्यांना कागदांचे गठ्ठे बघायला सवड नव्हती, त्यांना फक्त आलेख हवा होता. मी नुसते जूनचे आणि सप्टेंबरचे आठ आठ खांब काढले असते तर कुणाला काही कळलं नसतं. खांब मी काढलेही. फार देखणे दिसत होते. मावशीने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, मांडणी उत्तम, दहापैकी नऊ. मग लॅपटॉप मिटायला सांगितला. काका म्हणाले, की आधी मुंगीला दुसरा तक्ता दाखवून बघ.

सोमवारी काय झालं ते तिने मला संध्याकाळी सांगितलं, आणि नंतर पुन्हा दोनदा सांगितलं, प्रत्येक वेळी तेच शब्द वापरून. पहिला अर्धा तास संपल्यावर तिने मुंगीला एकटीला मागे थांबवलं. स्टॉपवॉच नव्हतं, वचन मोडायचं नव्हतं. तिने मुंगीच्या हातात एक कागद दिला. पालकांना वाटायची सूचना होती, पाण्याच्या बाटलीवर नाव लिहा आणि नखं कापा, अशी. ‘वाच बघू’ म्हणाली.

मुंगीने कागद नीट धरला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. आणि बटणाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. बोट ओळीखालून सरकत होतं, ओळ संपली की खाली येत होतं, पूर्णविरामाला थांबत होतं. कोंबडीपाशी आवाजही बदलला. मांजर अर्थातच नव्हतं. पाण्याच्या बाटल्या संपल्या, तेव्हा बटणही चोचीत गेलेलं होतं.

“बाई, मिनिट झालं?” तिने विचारलं.

“झालं,” मावशी म्हणाली. “असं वाचायला कधी शिकलीस गं?”

“त्या दिवशीच. सगळे हेच वाचत होते ना, मग मीपण वाचलं.”

मावशीचं म्हणणं, की त्या पोरीच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. उलट आपल्याला एकदाचं जमलं याचा आनंद होता. मावशीने तिला ‘छान’ म्हटलं. कुठल्या सुरात, ते तिने सांगितलं नाही.

दुपारच्या सुट्टीत ती मोठ्या बाईंकडे गेली. आलेख नेला होता, पण दुसरा, शिडीसारखा वर चढत जाणारा. मोठ्या बाईंनी तो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला आणि काय समजायचं ते विचारलं. मावशीने सांगितलं. सव्वीस वर्षांत त्या टेबलासमोर पहिल्यांदाच तिने स्वतःला नापास केलं होतं.

मोठ्या बाईंनी आलेख टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणजे तीन महिन्यांत तुमची मुलं वाचायला नाही, ऐकायला शिकली.”

“ऐकायला चांगली शिकली,” मावशी म्हणाली. तिला गप्प बसणं जमत नाही.

त्यावर मोठ्या बाईंनी एक साधा प्रश्न विचारला, आणि त्यामुळे मावशीचं शाळेतलं जिणं आठवडाभर कठीण झालं. बाकीच्या वर्गांनी पडताळणी कुठे घेतली? शिपाई विचारून आला. सगळ्यांनी व्हरांड्यातच. दुसरीच्या बाई खुर्ची घेऊन बसल्या, तेव्हा छान वारं लागत होतं, म्हणून सगळ्यांनीच तिथे खुर्च्या टाकल्या होत्या. मोठ्या बाईंनी चौथीचे कागद मागवले. तिथेही शेवटचे क्रमांक पहिल्यांपेक्षा हुशार निघाले. त्याच दुपारी हुकूम निघाला, की सगळ्या शाळेची पडताळणी नव्याने, नव्या मजकुरावर, बंद दाराआड.

म्हणजे प्रत्येक वर्गाचे पुन्हा तीसतीस कागद. शिक्षकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी मावशी गेली तेव्हा किटलीतला चहा संपलेला होता. तिसऱ्या दिवशीही संपलेला होता. चौथीचे सर, जे एरवी तिच्याशी तासभर गप्पा मारतात, ते एकदम वर्तमानपत्रात शिरले, आणि ते वर्तमानपत्र मागच्या आठवड्याचं होतं. मावशी घरून चहाचा थर्मास न्यायला लागली. काकांनी त्यावर चष्म्याच्या पेटीला लावतात तसली चिठ्ठी चिकटवली: ‘फक्त प्रामाणिक माणसांसाठी.’ तिने ती फाडून टाकली, पण थर्मास नेला.

नवी पडताळणी मोठ्या बाईंच्या कचेरीत झाली, दार लावून. काकांच्या सल्ल्याने मावशीने तीन मजकूर लिहिले आणि आलटून पालटून दिले. एकातही मांजर नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, की प्राणी आता काही दिवस नकोत. ‘छान’ म्हणायचं काम मोठ्या बाईंनी स्वतःकडे घेतलं. त्यांचा सूर मात्र बत्तीस वेळा एकच लागला, आणि तो ऐकून एक मुलगा रडला.

आकडे भरायला मी पुन्हा त्याच टेबलाशी बसले. या वेळी मावशी समोर बसली नाही, दुकानात जाऊन काकांच्या काचा पुसत राहिली. मी वरून हाक मारली तेव्हा ती जिन्यातच थांबली आणि तिथूनच आकडा विचारला.

“चार,” मी म्हटलं.

मांजर वाचणारे ते दोघं पुन्हा वर गेले होतेच. शिवाय गाळणाऱ्यांपैकी दोघं. त्यांना वाचता येत होतं, पण त्या दिवशी ऐकून म्हणणं सोपं पडलं, म्हणून तसं म्हटलं होतं. पाचवा एक मुलगा अडतीसवर थांबला. मुंगी चौदावर.

अडतीसचे चाळीस करणं काही अवघड नाही. ‘झाडं’ला ‘झाड’ म्हटलं ते चालवून घ्यायचं, स्टॉपवॉचवरचं बोट जरा सावकाश उचलायचं. मी हे बोलले नाही, पण माझ्या मनात आलं, आणि मावशीला ते वर चढून येईपर्यंत कळलं. तिने तो कागद हातात घेतला, पुन्हा तपासला, आणि एक चूक तिच्या नजरेतून सुटली होती ती शोधून काढली. अडतीसचे सदतीस झाले.

मोठ्या बाईंनी सौदा पाळला. बोलल्याप्रमाणे चार म्हणजे कपाटं आत. पहिल्या तारखेला शिपायाने जिन्याखालची खोली रिकामी केली. पुठ्ठ्याचे वृक्ष अक्षरांसकट बाहेर आले आणि दोन दिवस जिन्याला टेकून उभे होते. मावशी रोज त्यांच्याकडे न बघता वर जायची. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला बोलावून विचारलं, की ते पहिल्या अर्ध्या तासाचं काय ठरवलंय. मावशी म्हणाली, जागा नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, की सौद्यात खोली गेली, मुलं गेलेली नाहीत. सकाळचा पहिला अर्धा तास त्या स्वतः फाटकावर उशिरा येणाऱ्यांना पकडायला उभ्या असतात, तेव्हा कचेरी रिकामीच असते. टेबलाच्या काचेला कुणी हात लावायचा नाही. फिरत्या खुर्चीत कुणी बसायचं नाही.

आता रोज सकाळी आठाऐवजी चार मुलं त्या कचेरीत बसतात. फिरत्या खुर्चीत आळीपाळीने बसतात. मावशी आधी स्वतः वाचते, मुलं ऐकतात, मग त्याच ओळीखाली एकेका शब्दावर बोट ठेवत म्हणतात, आणि मग ती मधलाच एखादा शब्द झाकून तो कोणता ते विचारते. ऐकलेलं त्यांच्याकडे आहेच, ते कागदावर कुठे असतं तेवढं दाखवायचं, असा तिचा नवा सिद्धांत आहे. जोडाक्षरांच्या सिद्धांतापेक्षा बरा वाटतो, पण मी तिला तसं सांगितलेलं नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा परत उरायला लागलाय. चौथीच्या सरांनी परवा तिला विचारलं म्हणे, की तो चढत्या शिडीचा आलेख आपल्याही वर्गाचा काढून मिळेल का. म्हणून या रविवारी माझ्यापुढे आणखी छत्तीस कागद आले.

मी भरत बसले होते आणि मावशी समोर बसून पेन्सिलीला टोक काढत होती. तिने सांगितलं, की या आठवड्यात तिने मुंगीचं एक वेगळंच मोजमाप घेतलं. साठ शब्दांची कधीही न ऐकलेली गोष्ट तिला एकदाच वाचून दाखवली. एकदाच. आणि मग सांगायला लावली. मुंगीने बावन्न शब्द जसेच्या तसे सांगितले, क्रमाने, स्वल्पविरामाला श्वास घेऊन. मावशीने गंमत म्हणून ती गोष्ट भोंग्यालाही ऐकवली, त्याला एकोणीस जमले. मोठ्या बाई फाटकावरून आल्या होत्या, त्यांनी स्वतःही करून पाहिलं. त्यांचा आकडा मावशी सांगायला तयार नाही.

आणि हीच मुंगी काल पुन्हा ‘प’ला ‘ष’ म्हणाली, परवा म्हणाली होती तशीच. तीन महिने आणि वर तीन आठवडे झाले, अक्षरं सगळी मिळून पन्नासएकच, रोज डोळ्यांसमोर आहेत.

काकांनी तिचे डोळे दुकानात नेऊन तपासले, तिन्ही तक्त्यांवर, अक्षरांऐवजी चित्रं दाखवून. नजर स्वच्छ आहे. मावशीने टोक काढलेली पेन्सिल टेबलावर ठेवली, लॅपटॉप माझ्याकडून स्वतःकडे वळवला आणि रकान्यांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“तुझ्या या तक्त्यात कुठे सापडतं का बघ,” ती म्हणाली. “बावन्न शब्द एकदा ऐकून जिच्या डोक्यात राहतात, तिच्या डोक्यात एक ‘प’ का राहत नाही?”